रात्रपाळीतला सीटी: डोक्याचा आणि मणक्याचा स्कॅन मागवताना, काढताना, वाचताना

उपजिल्हा रुग्णालय असो की जिल्ह्याच्या गावातलं खाजगी इस्पितळ, रात्री अकरानंतरची स्थिती साधारण सारखीच. सीटीचं यंत्र चालू, टेक्निशियन हजर, रेडिओलॉजिस्ट फोनवर, आणि रिपोर्ट हातात यायला तास-दीड तास. तेवढ्या वेळात रुग्णाला इथंच ठेवायचं, औषध सुरू करायचं की १०८ बोलावून पुढे पाठवायचं, हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरलाच ठरवावं लागतं. पुढचा मजकूर त्या तासासाठी आहे. रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टची जागा तो घेत नाही.

मागवताना

फॉर्मवर ‘हेड इंज्युरी, सीटी ब्रेन’ एवढंच खरडलं तर अर्धी माहिती वाया जाते. मार किंवा लक्षणं किती वाजता सुरू झाली, जीसीएस (शुद्धीचे ३ ते १५ गुण) किती, कोणत्या बाजूचा हात-पाय लुळा आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, डोक्याचं आधी ऑपरेशन झालंय का, एवढं हवंच. ‘उजवा हात लुळा, दोन तास’ असं लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याची नजर आधी मेंदूच्या डाव्या बाजूला जाते. लकव्याच्या पहिल्या तासांतल्या खुणा इतक्या पुसट असतात की मुद्दाम शोधल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

डोक्याला किरकोळ मार लागलेला, जीसीएस १३ ते १५, आणि काही क्षण शुद्ध हरपलेली किंवा घडलेलं आठवत नाही, अशा मोठ्या माणसासाठी कॅनेडियन सीटी हेड रूल कामाचा आहे. दोन तासांनंतरही जीसीएस १५ झालेला नाही, कवटी फुटल्याची किंवा दबल्याची शंका आहे, कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची खूण आहे (डोळ्यांभोवती काळं-निळं, कानामागे निळा डाग, नाका-कानातून पाणी), दोन किंवा जास्त उलट्या झाल्या आहेत, किंवा वय ६५ वा त्याहून अधिक आहे: यातलं एकही असलं तर स्कॅन. मार लागण्याआधीचा अर्ध्या तासाहून जास्त काळ आठवत नसेल, किंवा गाडीने उडवलंय, गाडीतून बाहेर फेकला गेलाय, तीन फुटांहून उंचावरून पडलाय, तरीही स्कॅन करावा. मात्र हा नियम १६ वर्षांखालच्या मुलांना, फिट आलेल्यांना आणि वॉर्फरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना लागू नाही. शेवटच्या दोघांचा स्कॅन सरळ करून टाकावा. मुलांसाठी पेकार्न या संशोधन-गटाचा वेगळा नियम आहे.

एक सापळा नेहमीचा. तोंडाला दारूचा वास येतोय म्हणून कमी जीसीएसचं खापर दारूवर फुटतं आणि रुग्ण ‘उतरेपर्यंत’ बाकावर झोपून राहतो. पिणारे जास्त पडतात आणि त्यांचं रक्तही नीट गोठत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत स्कॅन मागवताना हात सैल सोडावा.

बेशुद्ध रुग्णाचं डोकं स्कॅन करताना मान त्याच फेरीत घ्या. पुन्हा टेबलावर चढवण्यात वेळ जातो आणि मानेलाही धोका. वर्षानुवर्षांची तीच ती डोकेदुखी, तपासणीत काही सापडत नाही, किंवा दोन आठवड्यांची साधी कंबरदुखी, यासाठी मात्र सीटी नको. डोक्याच्या एका स्कॅनला साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार लागतो, कंबरेच्या स्कॅनला त्याच्या काही पट. निसर्गातून आपल्याला वर्षभरात अडीच-तीन मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यावरून अंदाज घ्यावा. गरोदर बाईच्या डोक्याचा स्कॅन गरजेचा असेल तर तो थांबवू नये. गर्भाशय किरणांच्या वाटेपासून लांब असतं आणि बाळापर्यंत पोचणारी मात्रा नगण्य असते.

टेबलावर

केसांच्या पिना, गजऱ्याचा आकडा, कानातले, नथ, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र सगळं काढून नातेवाइकांच्या हाती मोजून द्यावं. मानेच्या स्कॅनला मंगळसूत्र आणि गळ्यातली साखळीही. एक पिनसुद्धा पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मारते आणि त्याखालचा मेंदू झाकला जातो.

रुग्ण उताणा, डोकं हेडरेस्टमध्ये सरळ, हनुवटी थोडी छातीकडे. मानेला मार असण्याची शक्यता असेल तर हनुवटीला हात लावू नये, कॉलर तशीच ठेवावी आणि वाचताना वाकडा कोन सोसावा. डोकं एका बाजूला कलंडलं तर दोन्ही अर्ध्यांची तुलना बिघडते, आणि सीटी वाचण्याची निम्मी युक्ती त्या तुलनेतच आहे. जिथे गँट्री (यंत्राचं गोल कडं) कलवता येते तिथे डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेपासून कानाच्या छिद्रापर्यंतच्या रेषेला समांतर काप घेतले की डोळ्याचं भिंग बऱ्यापैकी वाचतं.

मोठ्या माणसाला १२० केव्ही (क्ष-किरण नळीचा व्होल्टेज). जुन्या यंत्रावर ५ मिमीचे काप. मल्टिस्लाइसवर (एका फेरीत अनेक काप घेणाऱ्या यंत्रावर) १ मिमीच्या आसपास बारीक काप घेऊन त्यांतून ५ मिमीचे अक्षीय (आडवे) आणि शिवाय कोरोनल (समोरून), सजायटल (बाजूने) काप बनवून घ्यावेत. टेक्निशियनला सांगितल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी ते बनतच नाहीत. पहिलं साधं एक्स-रेसारखं चित्र, म्हणजे टोपोग्राम, फेकून देऊ नका. टाळूवरचं आडवं फ्रॅक्चर कापाला समांतर असलं तर कापांत निसटतं आणि टोपोग्रामवर सापडतं.

रुग्ण हात-पाय झाडत असेल तर झोपेचं इंजेक्शन भरण्याआधी ऑक्सिजन आणि साखर बघा, लघवी तुंबली आहे का तेही बघा. भरलेल्या मूत्राशयामुळे तळमळणारा रुग्ण कॅथेटर घातल्यावर निमूट पडून राहतो. जीसीएस ८ किंवा कमी असेल तर आधी श्वासनलिकेत नळी, मग सीटी. गँट्रीत अडकलेल्या रुग्णाला नळी घालणं कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

आकडे आणि विंडो

फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली की पहिली चूक होते डाव्या-उजव्याची. चित्र रुग्णाच्या पायाकडून पाहिल्यासारखं छापलेलं असतं, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला रुग्णाची उजवी बाजू. ‘आर’ हे अक्षर शोधूनच पुढे जा. नाव, वय, तारीख, वेळही तपासा. एकाच रात्री दोन अपघात आले की पाकिटांची अदलाबदल होते.

सीटीतला प्रत्येक ठिपका एक आकडा असतो. त्या आकड्याचं एकक सीटीचा जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड याच्या नावाचं. त्याच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला, तेव्हा चित्र ८० बाय ८० चौकटींचं होतं. पट्टी आजही तीच: हवा उणे १०००, चरबी उणे ५० ते उणे १००, पाणी ०, मेंदूभोवतीचं पाणी ० ते १५, मेंदूचा पांढरा भाग २० ते ३०, करडा भाग ३५ ते ४५, ताजं गोठलेलं रक्त ५० ते ८०, कॅल्शियम १०० च्या वर, हाड कित्येक शे. पांढरा ठिपका रक्ताचा की कॅल्शियमचा, असा घोळ पडला की कन्सोलवर वर्तुळ ठेवून आकडा वाचावा. पिनिअल ग्रंथी, कोरॉइड प्लेक्सस, फाल्क्स आणि वयस्कांत बेसल गँग्लिया इथे कॅल्शियम साचणं नेहमीचंच, तरी त्याला ‘ब्लीड’ म्हणून रुग्णाला शंभर किलोमीटर पळवलं जातं.

डोळ्याला हे सगळे आकडे एकदम दिसत नाहीत, म्हणून विंडो, म्हणजे आकड्यांच्या पट्टीतला पडद्यावर दाखवायचा तुकडा, बदलावी लागते. मेंदूसाठी रुंदी ८०, मध्य ४०. हाडासाठी रुंदी २०००-२५००, मध्य ५००-६००. कवटीला चिकटलेलं पातळ रक्त शोधायला रुंदी २००, मध्य ७०. मेंदूच्या विंडोत ते हाडाच्या पांढऱ्यात मिसळून जातं. लकव्याच्या सुरुवातीच्या खुणांसाठी रुंदी ४०, मध्य ४०. फिल्मवर बहुधा एकच विंडो छापलेली असते, म्हणून शक्य असेल तेव्हा कन्सोलवरच बसून पाहा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो ही तर आणखी खालची पायरी.

वाचण्याचा क्रम

क्रम ठरवा आणि मोडू नका: रक्त, मेंदूभोवतीच्या पाण्याच्या जागा, मेंदू, व्हेंट्रिकल (मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्या), हाड. पहिला दोष सापडला की नजर तिथेच थांबते आणि दुसरा राहून जातो. मोठ्या एपिड्युरलच्या (कवटी आणि मेंदूचं जाड आवरण यांमधल्या रक्ताच्या) समोरच्या बाजूला मेंदूला झालेली जखम अशीच सुटते.

एपिड्युरल रक्त भिंगासारखं फुगीर, बहुधा कानशिलाच्या हाडाखाली, वर फ्रॅक्चर. कवटीच्या सांध्यापाशी ते थांबतं. आत काळसर भोवरा दिसला तर रक्त अजून वाहतंय. सबड्युरल, म्हणजे त्या आवरणाखालचं रक्त, चंद्रकोरीसारखं, सांधे ओलांडून पसरतं. ढोबळ मर्यादा लक्षात ठेवा. एपिड्युरल ३० मिलिपेक्षा जास्त असेल तर जीसीएस कितीही असो, ऑपरेशन. सबड्युरलची जाडी १० मिमीहून जास्त किंवा मधली रेषा ५ मिमीहून जास्त सरकलेली असेल तरीही तेच. एपिड्युरल किंवा मेंदूतल्या गाठीचं आकारमान मोजायला सगळ्यात मोठ्या कापावर लांबी, तिला काटकोनात रुंदी, आणि किती सेंटिमीटर उंचीपर्यंत रक्त दिसतं ते. तिघांचा गुणाकार करून निम्मे करा. ५ × ४ × ३ सेंमी म्हणजे ६०, निम्मे ३० मिलि. न्यूरोसर्जनला फोनवर ‘मोठा क्लॉट’ सांगण्यापेक्षा हा आकडा सांगा, उत्तर लगेच मिळतं.

खरा दगा देतं ते एक ते तीन आठवडे जुनं सबड्युरल. तोवर त्याचा रंग मेंदूसारखाच झालेला असतो. महिन्यापूर्वी मोरीत घसरलेले, आता बरळणारे आजोबा आले तर रंगाच्या मागे लागू नका, मेंदूच्या वळ्या कवटीच्या आतल्या कडेपर्यंत पोचतात का ते बघा. दोन्ही बाजूंना सारखं सबड्युरल असेल तर मधली रेषाही सरकत नाही. ऐंशीच्या माणसाचा मेंदू पंचविशीतल्यासारखा भरगच्च दिसला तर खूश होऊ नका, शंका घ्या. हिमोग्लोबिन ८ च्या आसपास असेल तर ताजं रक्तही पुरेसं पांढरं दिसत नाही, हे आपल्याकडे विसरून चालत नाही.

सबअरॅक्नॉइड (मेंदूच्या पातळ आवरणाखालचं) रक्त मेंदूच्या तळाच्या चांदणीसारख्या पाण्याच्या जागेत पांढरं उमटतं. थोडंच असेल तर मेंदूच्या दोन पायांमधली जागा (इंटरपेडन्क्युलर सिस्टर्न), सिल्व्हियन फटी आणि व्हेंट्रिकलच्या मागच्या शिंगांत साचलेली पांढरी पातळी या तीन ठिकाणी सापडतं. डोकेदुखी सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत चांगल्या यंत्रावर काढलेला आणि जाणकाराने वाचलेला स्कॅन जवळपास चुकत नाही. त्यानंतर त्याचा भरवसा दर दिवशी कमी होतो, म्हणून वीज कोसळल्यासारखी डोकेदुखी आणि नॉर्मल सीटी असेल तर पाठीतून पाणी काढणं किंवा अँजिओग्राफी. उलट, श्वास थांबून मेंदू सर्वत्र सुजला असेल तर तळाच्या जागा मेंदूच्या तुलनेत पांढरट भासतात आणि नसलेलं रक्त ‘दिसतं’. आकडा मोजला की ३०-४० भरतो, ६० नाही.

हाडात, फ्रॅक्चरची रेघ सरळ आणि धारदार असते, तिच्यावर टाळूची सूज असते. सांधा नागमोडी, दोन्हीकडे सारखा. कवटीच्या आत हवेचा काळा बुडबुडा किंवा स्फेनॉइड सायनसमध्ये (नाकामागच्या हवेच्या पोकळीत) पाण्याची पातळी दिसली तर तळाचं फ्रॅक्चर शोधल्याशिवाय उठू नका.

लकवा

इथे सीटीला विचारायचा पहिला प्रश्न एकच, रक्त आहे का? रक्त नाही आणि लक्षणं साडेचार तासांच्या आतली आहेत, तर गुठळी विरघळवण्याचा विचार सुरू होतो. पहिल्या काही तासांत स्कॅन नॉर्मल दिसणं अपेक्षितच आहे. ‘सीटीत काही नाही, उद्या बघू’ हे वाक्य महागात पडतं.

शोधायच्या पुसट खुणा: मिडल सेरेब्रल धमनी एका बाजूला पांढऱ्या दोरीसारखी, इन्सुलाची करडी पट्टी पुसलेली, लेन्टिफॉर्म न्यूक्लिअसची कड हरवलेली, वळ्यांमधल्या फटी बुजलेल्या. धमनी दोन्हीकडे सारखीच पांढरी असेल तर शरीरातलं पाणी कमी झालेलं किंवा रक्त दाट असू शकतं, ती गुठळी नव्हे. ॲस्पेक्ट्स या गुणपद्धतीत मिडल सेरेब्रल धमनीच्या प्रदेशाचे दहा भाग करून बिघडलेल्या प्रत्येक भागाला दहातून एक गुण वजा करतात. लहान मेंदू आणि ब्रेनस्टेमच्या बाबतीत सीटीवर विसंबू नका. जाड हाडांमधून जाताना किरणं गाळली जातात आणि तिथे आडव्या काळ्या पट्ट्या येतात. चक्कर, दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, आणि सीटी नॉर्मल असेल तर एमआरआय लागेल.

बाळंतपणानंतर पंधरा-वीस दिवसांत डोकेदुखी आणि फिट घेऊन आलेल्या बाईचा स्कॅन वाचताना शिरा आवर्जून पाहा. मागे त्रिकोणी सायनस ठळक पांढरा, मेंदूत दोन्ही बाजूंना टाळूजवळ रक्त, कोणत्याही एका धमनीच्या प्रदेशात न बसणारं इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग). कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, स्कॅनवर पांढरं दिसणारं औषध) दिल्यावर त्रिकोणाच्या कडा उजळतात आणि मधला भाग काळा राहतो. साधा स्कॅन नॉर्मल असला तरी शंका कायम असेल तर सीटी व्हेनोग्राफी करावी.

फिट आणि कडी

तरुण माणूस, आयुष्यातली पहिली फिट, आणि सीटीवर सुजेच्या मध्ये छोटी कडी: आपल्या देशात यात दोनच दावेदार पुढे असतात, सिस्टिसर्कस (फीतकृमीची अळी) आणि ट्युबरक्युलोमा (क्षयाची गाठ). २० मिमीपेक्षा लहान, गोल, आत टिंबासारखा स्कोलेक्स (अळीचं डोकं), मधली रेषा जागेवर, तर पहिला. मोठी, ओबडधोबड, एकमेकींना चिकटलेल्या कड्या, तर दुसरा. जुन्या सिस्टिसर्कसचा कॅल्शियमचा दाणा एमआरआयपेक्षा सीटीवर सोपा दिसतो.

कडी उजळण्यासाठी कॉन्ट्रास्ट लागतो, मोठ्या माणसाला साधारण ५० ते ८० मिलि, आणि स्कॅन पाच मिनिटं थांबून. घाईने लगेच काढला तर कडी उमटतच नाही. अँजिओग्राफीची गोष्ट वेगळी: १८ नंबरचा कॅन्युला, शक्यतो उजव्या कोपराच्या शिरेत, सेकंदाला ४-५ मिलि. हातावरच्या बारीक निळ्या कॅन्युलातून हा वेग दिला तर शीर फुटून औषध बाहेर पसरतं. आधी ॲलर्जी विचारा, क्रिएटिनिन बघा. ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा अंदाज) ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्ट द्यायचाच का हे ठरवा, आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) ४८ तास थांबवून क्रिएटिनिन पुन्हा पाहूनच सुरू करा. पण लकव्यात किंवा जीवावर बेतलेलं असताना क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी अडून बसू नये. ॲड्रिनलिन कपाटात कुलूपबंद नको, टेबलाजवळच हवं. रिॲक्शन आली तर मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम.

मणका

मणक्याचा सीटी हाडाचा. मज्जारज्जू, चकती, लिगामेंट याबद्दल तो फारसं बोलत नाही. हाता-पायात ताकद नाही, लघवी तुंबली आहे, बैठकीची जागा बधिर आहे आणि सीटी नॉर्मल, तर एमआरआय त्याच दिवशी.

काप १ मिमीच्या आसपास, हाडाच्या विंडोत, आणि वाचन सजायटलपासून. मानेत चार रेषांवरून बोट फिरवा: मणक्यांच्या पुढच्या कडा, मागच्या कडा, कॅनॉलची (मज्जारज्जूच्या पोकळीची) मागची भिंत, मणक्यांच्या मागच्या काट्यांची टोकं. कुठेही पायरी लागली तर थांबा. पहिल्या मणक्याची पुढची कमान आणि दुसऱ्याचा दात यांतलं अंतर मोठ्यांत ३ मिमी, मुलांत ५ मिमीपर्यंत. सी३ (मानेचा तिसरा मणका) पुढची मऊ सूज ७ मिमीहून जास्त असेल तर हाड शाबूत दिसलं तरी काहीतरी फाटलंय. नळी घातलेल्या रुग्णात किंवा रडणाऱ्या मुलात हा आकडा निरुपयोगी आहे. खालच्या टोकाला डी१ ची (छातीच्या पहिल्या मणक्याची) वरची कड दिसलीच पाहिजे. मग मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सरकून फॅसेट (मणक्यांमधले मागचे छोटे सांधे) पाहा. कौलावर कौल बसावं तसे ते बसलेले असतात. एकटाच उघडा फॅसेट म्हणजे सांधा निखळलाय.

कोकणात नारळ-पोफळीवरून, देशावर विहिरीत किंवा बांधकामावरून पडलेल्यांचा मार बहुधा डी१२-एल१ च्या (छातीचा शेवटचा आणि कंबरेचा पहिला मणका) आसपास बसतो. मणका पाचरीसारखा दबलाय म्हणून समाधान मानू नका, त्याची मागची भिंत बघा. ती फुटून तुकडा कॅनॉलमध्ये शिरला असेल तर ते बर्स्ट फ्रॅक्चर. कोरोनलवर पेडिकलमधलं (मणक्याच्या मागच्या दोन खुंटांमधलं) अंतर वाढलेलं दिसतं. टाचेचं हाड मोडलेल्या प्रत्येकाची कंबर तपासा, कारण उंचीवरून टाचांवर उतरलेला धक्का तिथेच जातो. आडवी चीर पडलेलं चान्स फ्रॅक्चर अक्षीय कापात हरवतं, सजायटलवर काट्यापासून पुढपर्यंत दुभंग दिसतो. एक फ्रॅक्चर सापडलं की बाकीचा मणका स्कॅन करा. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा रुग्ण नुसता पलंगावरून पडला तरी सगळा मणका पाहावा. बांबूसारखा एकसंध झालेला मणका आडवा मोडतो आणि साध्या एक्स-रेवर दिसत नाही.

महिनोन्‌महिने पाठदुखी, संध्याकाळचा ताप, वजन घटतंय, तर क्षयाचा मणका मनात ठेवा. चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंचे मणके खाल्लेले, शेजारी पू, पुवात कॅल्शियमचे कण. चकती शाबूत आणि पेडिकल गायब असेल तर कॅन्सर पसरलाय का ते पाहावं. सीटीखाली सुई घालून तुकडा काढला की होणारी हमखास चूक म्हणजे सगळा माल फॉर्मॅलिनमध्ये टाकणं. सीबीनॅट (क्षयाची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी सलाइनमध्ये, पॅथॉलॉजीसाठी फॉर्मॅलिनमध्ये, अशा दोन बाटल्या आधीच नावानिशी तयार ठेवा.

कंबरेचा मणका मोजताना सॅक्रमपासून वर मोजा आणि शंका असेल तर बरगड्यांपासून खालीही. काहींना सहा कंबरेचे मणके असतात, काहींना चार. ‘एल४’ कोणत्या खुणेवरून धरला हे रिपोर्टमध्ये लिहिलं नाही तर ऑपरेशन चुकीच्या जागी होऊ शकतं.

पुढे पाठवताना

फक्त फिल्म नको, सीडीत किंवा पेनड्राइव्हवर मूळ डायकॉम फाइल (स्कॅनचे सगळे काप आणि आकडे असलेली) द्या. नाही तर पुढच्या रुग्णालयात पुन्हा स्कॅन होतो, पुन्हा किरणं, पुन्हा वेळ. मोबाइलवर पाठवायचंच असेल तर फोटोऐवजी स्क्रीनवरून काप सरकवतानाचा छोटा व्हिडिओ काढा, मेंदूच्या विंडोत एक आणि हाडाच्या विंडोत एक, नाव झाकून. चिठ्ठीवर स्कॅनची वेळ, त्या वेळचा जीसीएस, डोळ्यांच्या बाहुल्या, रक्ताचं आकारमान, मधली रेषा किती मिमी सरकली, आणि कॉन्ट्रास्ट दिला असेल तर किती, हे लिहा. रुग्ण निघताना जीसीएस दोनने घसरला असेल तर जुना स्कॅन आता जुनाच झाला. तसं ठळक लिहा आणि न्यूरोसर्जनला गाडी निघण्याआधी फोन करा.